ल माँची फेरारी आणि राणीगंजची बिलबुकं

१९६५ साली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली फेरारी २५० एलएम ५ फेब्रुवारी २०२५ रोजी पॅरिसमध्ये लिलावात निघाली आणि ३ कोटी ४८ लाख ८० हजार युरोंना गेली. रुपयांत तीनशे कोटींच्या वर. विकणारा कोणी कर्जात बुडालेला उमराव नव्हता. विकत होतं अमेरिकेतल्या इंडियानापोलिस मोटर स्पीडवेचं संग्रहालय. त्याच्या चारच दिवस आधी याच संग्रहालयाने आपली मर्सिडीज डब्ल्यू १९६ आरही विकली होती, आणि तिला फेरारीहून जास्त पैसे आले होते.

या दोन विक्रींवरून हैदराबादला, काचीगुड्याच्या एका घरात वाद रंगला. वाद घालणारे मामा आणि भाची. मामांचं सिकंदराबादेत राणीगंजला गॅरेज होतं. राणीगंज ही मोटारींच्या सुट्या भागांची पेठ. तिथे पिस्टनपासून हॉर्नच्या बटणापर्यंत सगळं मिळतं, आणि जे मिळत नाही ते लेथवर करून मिळतं. गॅरेजचं शटर ओढून बरीच वर्षं झाली, पण मामांच्या नखांच्या कडांतलं काळं अजून गेलेलं नाही. भाची मुंबईत जुन्या गाड्यांचं मूल्यांकन करते. विमावाले बोलावतात, वाटणीला बसलेले वारसदार बोलावतात. मी तिथे होतो तो ऐकायला.

मामा : संग्रहालयाने गाडी विकायची? देवळाने मूर्ती विकल्यातली गत झाली ही.

भाची : मूर्ती त्या देवळाची असती तर तुमचं खरं होतं. ते संग्रहालय इंडी ५०० या शर्यतीचं. ल माँची फेरारी तिथे पाहुणी. इमारत नव्याने करायची होती, संग्रह सांभाळायला कायमची गंगाजळी हवी होती. मग घरच्या गाड्या ठेवल्या आणि पाहुण्यांना निरोप दिला.

मामा : पन्नास वर्षं राहिलेला पाहुणा? आणि ती मर्सिडीज तर कंपनीने भेट दिलेली म्हणतेस.

भाची : हो, १९६५ साली. पण लिलाव कुठे झाला ते ऐका. श्टुटगार्टला, मर्सिडीजच्याच संग्रहालयात. देणाऱ्याने आपल्या अंगणात मांडव घालून दिला, तर आपण का रुसायचं? फांजिओ तिच्यातून १९५५च्या जानेवारीत ब्युनॉस आयर्सची शर्यत जिंकलेला. सप्टेंबरात मोंझाला स्टर्लिंग मॉसने तिच्यातूनच सगळ्यांत वेगवान फेरी मारली. हातोडा पडला ४ कोटी ६५ लाख युरोंवर. लिलावगृह खरेदीदाराकडून वर जी रक्कम घेतं ती धरून झाले ५ कोटी ११ लाख ५५ हजार.

मामा : म्हणजे नुसती दलालीच चाळीस कोटींच्या वर! आमच्या बेगमबाजारातला दलाल हे ऐकून संन्यास घेईल. ते जाऊ दे. फेरारीचं सांग. मर्सिडीज जर्मन, ती नीट चालणारच. फेरारी चोवीस तास टिकली कशी?

भाची : तिच्याकडून कोणाला आशाच नव्हती. फेरारी कारखान्याच्या स्वतःच्या नव्या गाड्या होत्या, समोर फोर्डच्या जीटी ४० होत्या. ही एका खासगी संघाची, लुइजी किनेत्तीच्या अमेरिकेतल्या संघाची. मुळात ही शर्यतीची जीटी म्हणून मान्यता मिळावी यासाठी काढलेली गाडी. पण बनल्या अवघ्या ३२, आणि तेवढ्यावर मान्यता मिळेना. म्हणून तिला थेट प्रोटोटाइप गटात, मोठ्यांच्या पंगतीत बसवलं. चालक दोघे, योखेन रिंट आणि मास्टन ग्रेगरी. रिंट तरणा आणि उतावळा. ग्रेगरीला जाड भिंगांचा चष्मा. सांगतात की ही गाडी सकाळ बघत नाही असं धरून दोघांनी ती पहिल्यापासून बेदरकार हाणली.

मामा : आणि जपून चालवलेल्या गेल्या!

भाची : फोर्ड एकजात गळाल्या. फेरारीच्या कारखान्याच्या गाड्यांच्या ब्रेकच्या चकत्या तडकल्या. ही पळत राहिली आणि जिंकली. त्यानंतर फेरारीला ल माँ पुन्हा जिंकायला २०२३ उजाडलं.

मामा इतके खुलले की चहाचा कप हातात तसाच राहिला. राणीगंजच्या माणसाला शर्यत म्हणजे कोण पुढे आलं यापेक्षा कोणाचं काय तुटलं हे ऐकायचं असतं, हे मला तेव्हा कळलं.

मामा : आता मला सांग, अशी गाडी पन्नास वर्षं दिव्याखाली उभी करून तिचं काय केलं? उभी गाडी मरते, बेटा. पेट्रोलचा डिंक होतो आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. केसाएवढं भोक ते, सुईनेही साफ होत नाही, उलट वाकडं होतं. ब्रेकच्या सिलिंडरमध्ये ओल शिरते आणि पिस्टन जाम. ज्या व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबलेली राहिली ती तशीच थकते. टायर जिथे टेकला तिथे चपटा होतो. रबरी सील वाळून तडकतात, मग सुरू केल्यावर तेल सगळीकडून. माझ्या गॅरेजात कुणाची गाडी कोर्टकज्जात अडकून महिनोन्‌महिने पडली, तरी मी पंधरवड्याला प्लग काढून, सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून इंजिन हाताने फिरवायचो. पैसे कोण देणार त्याचे? पण हात राहवत नाही.

भाची : म्हणून तर मी लिलावाच्या बाजूची. तीनशे कोटी मोजणारा माणूस तिचा एक सील वाळू देणार नाही. त्याच्या पदरी कारागीर असतात. पैसा आला की देखभाल आली. फुकटाची वस्तू कुणी पुसतही नाही.

मामा : पुसेल हौशीने! चालवेल का? तीनशे कोटींची गाडी कोण वळणावर टाकेल? तो तिला वातानुकूलित तळघरात ठेवणार. संग्रहालयात निदान शाळेची पोरं बघायची. तळघरात कोण बघतं? आणि ती जगातली सगळ्यांत महाग गाडी कुठली म्हणालीस मागे?

भाची : मर्सिडीज ३०० एसएलआर, उलेनहाउट कूपे. १९५५ची. मे २०२२मध्ये साडेतेरा कोटी युरो. जगात दोनच. एक कंपनीने ठेवली, एक विकली. आलेल्या पैशांतून पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या मुलांना शिष्यवृत्त्या.

मामा : पेट्रोल पिणारी विकून पर्यावरण! बरं, शर्यती किती जिंकली?

भाची : एकही नाही. ती शर्यतीत उतरलीच नाही. तिच्या जातीच्या उघड्या गाड्यांनी त्या वर्षी पुष्कळ जिंकलं. पण जूनमध्ये ल माँला त्यांतलीच एक प्रेक्षकांत घुसली, ऐंशीवर माणसं गेली. ही बंद टपाची गाडी जिच्यासाठी होती ती मेक्सिकोतली शर्यत रद्द झाली, आणि वर्षअखेर मर्सिडीज शर्यतींतूनच बाहेर पडली. मग कंपनीचे इंजिनिअर उलेनहाउट तीच गाडी साध्या रस्त्यावर फिरवायचे.

मामा : जी पळालीच नाही ती सगळ्यांत महाग! झालं तुझं मूल्यांकन.

भाचीला इथे उत्तर सुचलं नाही असं नाही. तिने एक बिस्कीट बुडवलं, ते तुटून चहात पडलं, आणि ते चमच्याने काढण्यात तिने वेळ घेतला. लिलावाच्या बाजूने बोलणाऱ्याला या प्रश्नाचं सरळ उत्तर देता येत नाही असं माझं मत आहे. किमतीचा आणि कर्तबगारीचा संबंध असतो, पण तो विश्वास ठेवण्याइतका नाही. दुर्मीळता, दंतकथा, त्या दिवशी सभागृहात समोरासमोर हट्टाला पेटलेले दोन धनिक, यांचाही त्यात वाटा असतो.

भाची : मूल्यांकन म्हणजे लोखंडाचं वजन नाही, मामा. मी गाडीकडे जाते तेव्हा बॉनेट शेवटी उघडते. आधी कागद मागते. या फेरारीचंच घ्या. एड ह्यूगस नावाचा राखीव चालक होता. त्याचं म्हणणं, रात्री ग्रेगरी गाडी घेऊन आत आला, रिंट सापडेना, म्हणून मधली एक पाळी मी चालवली. अधिकृत नोंदीत तो नाही.  एका न झालेल्या नोंदीवरून लोक अजून भांडतात.

मामा : भांडू देत. गाडी तीच ना? चालवणारा कुणी का असेना.

भाची : गाडी ‘तीच’ आहे हे कशावरून?

मामा : चेसिस नंबरावरून. आणखी कशावरून?

भाची : आणि चेसिसच बदलली असेल तर?

इथून पुढचा भाग दोघांनाही खरा महत्त्वाचा वाटत होता, त्यामुळे आवाज खाली आले. भाचीने बेंटलीचा खटला काढला. बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’ ही स्पीड सिक्स गाडी १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल माँ जिंकली. पुढे तिच्यावर काम होत गेलं, ती बदलत गेली. १९३२मध्ये ब्रुकलँड्सच्या उंच कडेवरून ती खाली गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. मग पुन्हा बांधणी, नवं अंग. १९९०च्या सुमारास तिचा मालक एड हबर्ड याने ती एका कंपनीला एक कोटी पौंडांना विकायचा करार केला. कंपनीने नंतर हात वर केले, ही खरी ओल्ड नंबर वन नव्हेच म्हणून. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेलं.

भाची : तज्ज्ञांनी गाडी अक्षरशः सोलून पाहिली. १९२९च्या गाडीतलं खात्रीने दाखवावं असं जवळजवळ काही उरलेलं नव्हतं. १९३०च्या गाडीतलं म्हणाल तर पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचं कवच, स्टिअरिंगचा खांब. चौकट नंतरची, इंजिन नंतरचं आणि मोठं. आता तुम्ही न्यायमूर्ती. द्या निकाल.

मामा : तीच गाडी आहे ती.

भाची : कशी?

मामा : अगं, शर्यतीची गाडी आहे. ती कारखान्यातून आली तशी राहिली तर ती शर्यतीत गेलीच नाही म्हणायची. प्रत्येक शर्यतीनंतर काहीतरी बदलणारच. बुश गेला, बुश बदल. ब्लॉक फुटला, ब्लॉक बदल. एका रात्रीत सगळं बदलून दुसऱ्या गाडीवर जुनी पाटी ठोकली तर ती चोरी. पण एकेक करत, काम करता करता बदललं तर ती दुरुस्ती. मिस्त्रीला यात शंका येत नाही.

भाची : न्यायमूर्ती ऑटन यांनी तेच म्हटलं. मूळ गाडी नव्हे, पण अस्सल ओल्ड नंबर वन हीच, दुसरी कुठलीही गाडी त्या नावावर हक्क सांगू शकत नाही. हबर्ड जिंकला.

मामा : न्यायमूर्ती आधी फिटर असावेत.

भाची : पण का जिंकला ते घ्या ना लक्षात! तिचा इतिहास सलग मांडता आला म्हणून. कधी, कुणी, कशासाठी काय बदललं याचा माग लागत होता. मधली दहा वर्षं अंधारात असती तर तुमचा ‘एकेक करत’ सिद्ध कसा केला असता? तुम्ही म्हणता ती दुरुस्ती आणि ती चोरी, या दोन्हींत डोळ्यांना दिसेल असा फरक नसतो. फरक कागदावर असतो.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग वाद हैदराबादेत आला, आणि तो यायलाच हवा होता.

मामा : चौमहल्ला राजवाड्यात ती पिवळी रोल्स बघितलीस ना?

भाची : सिल्व्हर घोस्ट, १९१२ची. बार्करने बांधलेली. मागे सिंहासनासारखी बैठक. निजाम मेहबूब अली पाशांनी मागवली, ते १९११मध्ये वारले, आणि गाडी आली ती पुढचे निजाम उस्मान अली यांच्या काळात.

मामा : किती चालली ती? निजामाने दरबारी थाटासाठी ठेवली, रस्त्याला फारशी लावलीच नाही. तुझ्या हिशेबाने तिचं मोल मोठं, कारण ती तशीच आहे. माझ्या हिशेबाने ती गाडी नव्हे, चार चाकांची पालखी. आणि तिचे पैसे कुणाचे? आपले आजोबा परभणीचे. बीड, नांदेड, औरंगाबाद, सगळीकडचा सारा हैदराबादच्या खजिन्यात जमा व्हायचा. त्या गाडीच्या टायरमध्ये आपल्या ज्वारीची हवा आहे.

भाची : म्हणूनच ती लिलावात न जाता तिकीट काढून कुणालाही बघता येते, हे चांगलं झालं. यात मी तुमच्या बाजूची. पण निजामाचं वाचलं म्हणून सगळ्यांचं वाचलं का? इंदूरचे यशवंतराव होळकर घ्या, आपलंच मराठी घराणं. १९३०च्या दशकात त्यांनी ड्यूसेनबर्ग एसजे मागवली. यंत्र अमेरिकेचं, अंग लंडनच्या गर्नी नटिंगने चढवलेलं, रंग केशरी-काळा. दोनच माणसांची आणि तुफान वेगाची. ती गेली अमेरिकेत. राजकोटची ‘स्टार ऑफ इंडिया’ रोल्स अशीच देशाबाहेर गेली होती, ती घराण्याने परत विकत घेऊन आणली. आता १९५०च्या आधीची मोटार सरकारी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

मामा : बाहेर नेता येत नाही ना? छान! मग इथेच सडते. नवाबांच्या देवड्यांच्या, म्हणजे वाड्यांच्या, मागच्या छपरांत काय काय पाहिलंय मी. हुडवर कोंबड्या बसलेल्या. एका घरी सीटच्या स्प्रिंगांत मांजरीने पिल्लं घातली होती. शेवटी भंगारवाला यायचा, पितळेचे दिवे आणि रेडिएटर वेगळे काढायचा, ते जुमेरात बाजारात दिसायचे, बाकीचं वजनावर. कायद्याने चोर अडतो, गंज अडत नाही.

भाची : मग लिलाव काय वाईट? देशातल्या देशात तर होऊ शकतो. मुंबईच्या अस्तागुरूने २०२०मध्ये जुन्या गाड्यांचा ऑनलाइन लिलाव केला. किंमत कळली की छपरातली कोंबडी आपोआप उठते. आणि खासगी हौसेला एवढं हिणवू नका. तुमचं सालारजंग संग्रहालय काय आहे? पहिल्या सालारजंगांनी १८७६मध्ये रोमला ती बुरख्यातल्या रिबेकाची मूर्ती विकत घेतली. तिसऱ्यांनी आयुष्यभर वस्तू जमवल्या. ते १९४९मध्ये वारले, १९५१मध्ये संग्रह लोकांना खुला झाला. आज शाळेची पोरं रांगेत उभी असतात ती एका घराण्याच्या खरेदीपुढेच.

मामा : तिसऱ्या सालारजंगांना मूलबाळ नव्हतं म्हणून ते झालं. तुझ्या फेरारीवाल्याला वारस असतील, आणि त्यांचे वकील.

याला काही उत्तर नव्हतं आणि भाचीने ते देण्याचा प्रयत्नही केला नाही. तिने विषय नियमांवर नेला.

भाची : २०२१मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांवरची गाडी नव्याने नोंदली तर तिला वेगळा नंबर मिळतो, त्यात ‘व्हीए’ ही अक्षरं. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुढच्या फेरनोंदणीला ५ हजार. धंद्याला वापरायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठी रस्त्यावर काढायची. पण मुख्य अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. आणि २०२५पासून पन्नास वर्षांवरची गाडी बाहेरून आणायलाही मोकळीक आहे. म्हणजे ती १९६५ची फेरारी कायद्याने उद्या हैदराबादेत येऊ शकते. तीनशे कोटी आणि वर जबर आयातकर, एवढंच काय ते.

मामा : येऊ दे. २०२३मध्ये हुसेनसागरच्या काठाने फॉर्म्युला ईच्या गाड्या पळाल्या तेव्हा मी गेलो होतो. विजेच्या गाड्या. नुसती शिट्टी वाजल्यासारखा आवाज. वेग होता, मी नाही म्हणत नाही. पण इंजिन कुठे बिघडतंय ते कानाला कळेना. निदान ही फेरारी तिथे एकदा सुरू करून दाखवा पोरांना. पण तो नियम काय म्हणालीस? मूळ रूपात? मग माझ्या हातून गेलेल्या गाड्यांचं काय?

भाची : कुठल्या?

मामा : एका देवडीतली लढाईच्या आधीची अमेरिकन गाडी होती. आठ सिलिंडर एका ओळीत. पाणी संपून इंजिन तापलं की काय, कोण जाणे, ब्लॉकला चीर गेलेली. भाग जगात कुठे मिळेना. नवाबसाहेबांना मुलीच्या लग्नात ती दारात हवी. मी मेटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं. नवे माउंटिंग केले, प्रोपेलर शाफ्ट कापून जोडला, रेडिएटर पुढे घेतला. लग्नात आली ती! पुढेही पळत राहिली. तुझा नियम तिला गाडी मानत नाही. मी मानतो. इंजिन बदललं नसतं तर ती त्याच वर्षी भंगारात गेली असती.

भाची : आणि ते आठ सिलिंडरचं इंजिन कुठे गेलं?

मामा : मालकाला परत दिलं. माझ्या गॅरेजात दुसऱ्याचा माल राहत नसे.

भाची : कशावरून?

मामा चिडले. उठले आणि आतून पत्र्याची पेटी ओढत आणली. पेटीत बिलबुकं होती, वर्षावर्षांची, सुतळीने बांधलेली. कार्बनखालची प्रत, जांभळी पडलेली. एक पान त्यांनी शोधलं. वर गिऱ्हाइकाचं नाव मुनशीच्या हातचं उर्दूत, खाली मामांच्या हातचं मराठी : ‘इंजिन उतरवले. ब्लॉक फुटका. मालकास परत, सही घेतली.’ त्याला टाचणीने जोडलेला पातळ कागदाचा एक तुकडा. जुन्या मोटारमालकांना तो ओळखता येईल. आरटीओसाठी चेसिस आणि इंजिनच्या नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासून घेतात, तो छाप. मामांनी एक आरटीओला दिला होता, एक स्वतःकडे ठेवला होता.

भाचीने तो खिडकीपाशी नेला. मग खिशातून भिंग काढलं. एका आकड्याचा पाय किंचित तिरका होता, एक ठसा दोनदा पडलेला. ती म्हणाली, कारखान्यात कामगाराने हातोडीने ठोकलेल्या नंबराची ओळख अशीच असते. पुढे कोणी घासून नवा नंबर ठोकला तर हा तिरका पाय त्याला जमत नाही. परदेशी लिलावाच्या पुस्तिकेत अशा एका छापाला पान दिलं जातं.

मामा : हे रद्दीत घालायचं होतं. तुझी मामी दर दिवाळीला म्हणते.

भाची : यातल्या किती गाड्या आज कुठे आहेत माहिती आहे?

मामा : काय की. काही असतील, काही गेल्या. पण एक सांगतो. यामुळे ती डिझेलवाली गाडी मूळची होत नाही, आणि मला ती मूळची व्हायलाही नको. चालली, पुरे.

भाची : मूळची नाही होत. पण तीच होते. तुम्हीच म्हणालात, बेंटलीच्या वेळी.

मामांनी कबुली दिली नाही. पुण्याचं काहीतरी सांगायला लागले. विशीतले सायरस पूनावाला. शाळासोबत्याबरोबर त्यांनी जॅग्वार डी-टाइपच्या धर्तीवर एक स्पोर्ट्‌स कार बांधली होती, खर्च १२० डॉलर. पण मोटारींच्या धंद्याला लागणारं भांडवल आपल्याकडे नाही हे लवकरच लक्षात आलं, आणि पुढे १९६६मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. खऱ्या डी-टाइपपैकी १९५६ची ल माँ जिंकलेली गाडी २०१६मध्ये कॅलिफोर्नियात दोन कोटी डॉलरच्या वर गेली. ‘आता पुण्याच्या त्या गाडीची किंमत काय लावशील?’ मामांनी विचारलं. भाची म्हणाली, ‘तिच्या पत्र्याची आणि नळ्यांची बिलं कोणी जपली असतील तर सांगते.’

माझं मत विचाराल तर गाडी चालती असावी या बाबतीत मी मामांच्या बाजूचा आहे. आणि संग्रहालयाने विकण्याबद्दल माझा राग मर्सिडीजच्या बाबतीत गेला असला, तरी फेरारीच्या बाबतीत पुरता गेलेला नाही. संग्रहालयातून गेलेली वस्तू परत लोकांसमोर यावी अशी अट लिलावात कोणी घालत नाही. पण लिलावात तीनशे कोटी लोखंडाला मिळत नाहीत, ते लोखंडाच्या साक्षीपुराव्याला मिळतात, हे भाचीचं म्हणणं मला आता खोडता येत नाही. आपल्याकडे गाड्या गंजल्या हे खरंच. त्याहून जास्त गेले ते कागद. कोणत्या देवडीत, कोणत्या वाड्यात, कोणत्या कारखानदाराच्या शेडमध्ये काय होतं, याचा पुरावा त्या घरच्यांपेक्षा त्यांच्या मिस्त्रीकडे असण्याची शक्यता अधिक, आणि त्याच्याकडे तो मागायला कोणी गेलेलं नाही.

तेव्हा एक विनंती. घरात, गावच्या वाड्यात किंवा ओळखीच्यांच्या गोठ्यात जुनी गाडी उभी असेल, तर विकायच्या किंवा मोडीत काढायच्या आधी चेसिस आणि इंजिनच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या. चारी बाजूंनी आणि बॉनेट उघडून फोटो काढा. आरसी बुक, विम्याच्या जुन्या पावत्या, लग्नातले तिच्यापुढचे फोटो एका पाकिटात घाला आणि मागे तारीख लिहा. आणि तुमच्या गावात जुना मिस्त्री असेल, लातूरला, सोलापूरला, राणीगंजला, कुठेही, तर त्याच्या बिलबुकांच्या पानांचे फोटो घेऊन ठेवा. दिवाळीच्या साफसफाईआधी जा.